चौदा पाकिटांची पिशवी घेऊन लातूरला

निलंगा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. औषधं विकतो, पण पिकाची. माणसाच्या औषधांबद्दल लिहायची ही पहिलीच वेळ. लातूरला औसा रोडच्या बाजूला एक डॉक्टर मॅडम वयस्कर माणसांची ओपीडी चालवतात. गेल्या आषाढापासून मायला तिथं नेतोय, आतापर्यंत पाच खेपा झाल्या. मॅडमचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. "हे काम कुठलाही एमडी डॉक्टर करू शकतो. फक्त घरच्यांनी सगळी पिशवी एकदा एकाच टेबलावर ओतली पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. म्हणून तिथं काय काय झालं ते सविस्तर लिहितो. ज्यांच्या घरी असं माणूस आहे, त्यांना आपल्या डॉक्टरला काय विचारायचं ते तरी कळेल.

माय ७८ वर्षांची. चार वर्षांपासून विसरायला लागली. आधी चुलीवरचं दूध विसरली, मग नातवांची नावं, मग माझं. दोन वर्षांपूर्वी डोक्याचा स्कॅन झाला आणि डिमेन्शिया हा शब्द घरात आला. गावात याला म्हातारचळ म्हणतात. मला तो शब्द सहन होत नाही. शुगर आणि बीपी तिला जुनंच आहे.

आषाढात तिची अवस्था फार वाईट होती. हात थरथरायचे. पाय उचलायची नाही, घासत चालायची. तोंड इतकं कोरडं पडायचं की भाकरीचा घास गिळवत नसे. दिवसभर बसल्या जागी पेंगायची आणि पहाटे चारच्या सुमारास उठून ओरडायची, "उठा रं, बाहीर पळा, घर पडायलंय!" दोनदा पडली होती, एकदा मोरीच्या वाटेवर आणि एकदा उंबऱ्यावर. आजार वाढत चाललाय, आता असंच होणार, असं आम्ही सगळ्यांनी धरून घेतलं होतं.

कुणा एका डॉक्टरनं तिला चौदा औषधं लिहून दिली नव्हती, हे आधीच सांगतो. बीपीचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, मेंदूचे वेगळे. चक्कर आली तेव्हा गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. लग्नाला सोलापूरला गेलो, तिथं लघवीचा त्रास झाला, तिथल्यांनी त्यावर दिलं. ज्यानं त्यानं समोर दिसलं त्यावर लिहिलं. कुठली गोळी कधी बंद करायची हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघून महिन्याचं सामान बांधून द्यायचा. माझ्या बायकोनं २८ खणांचा डबा मागवला होता, सात दिवसांचा, दिवसाला चार खण. दर रविवारी रात्री जेवणं झाली की ती अर्धा तास बसून तो भरायची. वर्षभरात एक गोळी चुकली नाही. तिनं मायची सेवा मनापासून केली. चूक तिच्या हातात नव्हती, त्या डब्यात काय जातंय हे एकत्र बघणारं माणूसच कुणी नव्हतं.

पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशी ओपीडीतून फोन आला. फाइल आणाच, पण घरातलं प्रत्येक औषध आणा. चूर्ण, बाम, डोळ्याचे थेंब, शेजाऱ्यांनी दिलेली गोळीसुद्धा. त्या निमित्तानं मायच्या गादीखाली हात घातला तर सर्दीच्या गोळ्यांचं अर्धं पाकीट निघालं. आम्हाला पत्ताच नव्हता. ती आपली आठवण झाली की खात असणार.

मॅडमनी पिशवी टेबलावर ओतली आणि पाकिटं ओळीनं मांडली. चौदा, आणि वर ते सर्दीचं. एकेक पाकीट हातात घेऊन तीनच प्रश्न विचारत होत्या. ही कशासाठी सुरू झाली? ते कारण अजून आहे का? आणि ही सुरू झाल्यावर पुढं महिना-दोन महिन्यांत काय नवीन झालं? तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. बायकोकडं होतं. तिला तारखा आठवत नाहीत, पण सण आठवतात. "चक्करची गोळी महालक्ष्म्यांच्या आधी. हात थरथरायला दिवाळीत लागले, करंज्या वळताना दिसलं. विसरायच्या गोळीचा डोस संक्रांतीला दुप्पट केला. लघवीचं फाल्गुनात, लग्नात." मॅडमनी तिच्या बोलण्यावरून कागदावर आडवी रेघ ओढली, रेघेवर सण लिहिले आणि सणांखाली गोळ्या. तो कागद आजही आमच्याकडं आहे. पंचावन्न मिनिटं गेली त्यात. आजवर कुठल्या दवाखान्यात आम्हाला दहा मिनिटांच्या वर बसवलं नव्हतं.

रेघ पूर्ण झाली तेव्हा जे दिसलं ते असं. चक्करसाठी सिनारिझिन चालू होतं. पित्ताच्या गोळीत रॅबेप्रॅझोलबरोबर लेव्होसल्पिराइड होतं. या दोन्ही औषधांनी वयस्कर माणसाला कंपवातासारखा त्रास होऊ शकतो, म्हणजे हात थरथरणं, अंग ताठरणं, पाय घासत चालणं. दिवाळीत ते दिसलं आणि कंपवात समजून ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू झालं. हे औषध मेंदूतलं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन अडवतं. विसरण्याच्या आजारात नेमकं तेच कमी पडतं, आणि ते टिकून राहावं म्हणून तर मायला डोनेपेझिल चालू होतं. एकाच डब्यात सकाळच्या खणात अडवणारी गोळी आणि रात्रीच्या खणात वाढवणारी. संक्रांतीला डोनेपेझिल पाचचं दहा झालं. त्यानं लघवीची घाई होऊ शकते, ती झाली. त्यावर ऑक्सिब्युटिनिन आलं, तेही अडवणारंच. गादीखालची सर्दीची गोळीही त्याच जातीची. कोरडं तोंड, बद्धकोष्ठता, दिवसाची पेंग, वाढलेला गोंधळ, यातलं कितीतरी आजाराचं नसून गोळ्यांचं असू शकतं, असं मॅडम म्हणाल्या. "असू शकतं" हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. खात्री दिली नाही.

बीपीचंही तसंच. ॲम्लोडिपिननं पायावर सूज येऊ शकते. ती आली, म्हणून लघवी वाढवणारी टॉरसेमाइड सुरू झाली, म्हणून ती रात्री तीनदा उठायची, आणि मोरीकडं जाताना पडली ती त्यातच.

ऐकताना मला माझं दुकान दिसत होतं. सोयाबीनवर तणनाशक मारलं की पीक थोडं पिवळं पडतं. आठ-दहा दिवसांत आपोआप सावरतं. पण शेतकरी घाबरून येतो आणि १९:१९:१९ हे फवारणीचं खत मागतो, त्यावर टॉनिक मागतो, मग एकाच पंपात चार औषधं कालवून नेतो, आणि पानं करपली की पुन्हा येतो. मी वीस वर्षं लोकांना सांगतोय की थांब, आधी कशानं पिवळं पडलंय ते बघ. खप कमी झाला तरी चालेल, पण नको असलेली बाटली मी विकत नाही, यावर माझ्या दुकानाचं नाव आहे. आणि माझ्याच घरात मायच्या अंगावर हे चाललं होतं. मला ते कळायला पाहिजे होतं. अजून वाईट वाटतं.

मॅडमच्या टेबलावर काचेखाली एक यादी लावलेली आहे. मार्क बीअर्स या अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांनी १९९१ मध्ये तिथल्या नर्सिंग होममधल्या वयस्कर माणसांसाठी अशी पहिली यादी केली, शक्यतो टाळावीत अशा औषधांची. पुढं तिथल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ती सुधारत आणली, २०२३ मध्येही सुधारली. मायच्या पिशवीतली कितीतरी नावं त्यात निघाली. यादीत नाव आहे म्हणून लगेच बंद असं नसतं, पण नाव दिसलं की थांबून विचार करायचा, असं त्यांनी समजावलं.

आता पहाटेच्या ओरडण्याचं. यासाठी मायला आधी क्लोनाझेपाम (झोपेची गोळी) आणि नंतर क्वेटियापिन (मानसिक आजारावरची गोळी) दिलं होतं. क्वेटियापिन ज्या गटातलं आहे, त्या गटाच्या औषधांनी डिमेन्शियाच्या वयस्कर रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००५ मध्येच दिलेला आहे. दुसरं काहीच चालत नसेल आणि माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर ते थोडे दिवस द्यावं लागतं, पण मायला आठ महिने चालू होतं.

मॅडमनी विचारलं, "आजी ओरडतात तेव्हा नेमकं काय म्हणतात?" मी सांगितलं, घर पडायलंय म्हणते. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "किल्लारीच्या वेळी तुम्ही कुठं होतात?"

किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून आलो होतो. मी पंधरा वर्षांचा, भाऊ अकराचा. आमच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं जड छत, खाली आलं तेव्हा मायनं आम्हा दोघांना दंडाला धरून ओढत अंगणात आणलं. माझी चुलत आजी आतच राहिली. त्यानंतर दीड वर्ष आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढलं. हे सगळं मला पाठ आहे, पण ती चार वाजता ओरडते आणि ते तेव्हाचं आहे, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आम्ही तिला म्हणायचो, "काही पडायलं नाही, झोप आता." ती आणखी ओरडायची.

मॅडम एवढ्यावर थांबल्या नाहीत. "त्या वेळी शुगर बघितली का कधी?" नव्हती बघितली. मशीन घरात होतं, पण आम्ही सकाळी नऊला बघायचो. मायची शुगरची गोळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशी मिसळलेली होती, आणि रात्री ती कधी अर्धी भाकरी खायची, कधी तीही नाही. तिसऱ्या रात्री ती ओरडत उठली तेव्हा मी बोट टोचून बघितलं. ५८. कपाळ घामानं भिजलेलं. गूळ-पाणी पाजलं. पंधरा मिनिटांत शांत झाली. शुगर खाली गेली की घाम येतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. ते घाबरणं तिच्या मनात कुठं जाऊन मिळत असेल ते आता मला कळतं. सकाळी आठला फोन केला, मॅडमनी त्याच दिवशी ग्लिमेपिराइड बंद करून नुसतं मेटफॉर्मिन ठेवलं. या वयात, या आजारात तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) सातच्या खाली आणायचा हट्ट नको, आठच्या आसपास चालेल, खाली जाण्यात जास्त धोका आहे, असं सांगितलं.

आणि खाट हलवायला सांगितली. आतल्या खोलीतून पडवीत, जिथून दार दिसतं. डोक्यावर पत्रा, छोटा दिवा रात्रभर चालू. ओरडली तर "काही नाही" म्हणायचं नाही, "चल माय, बाहेर बसू" म्हणायचं. पहिल्या आठवड्यात चारदा अंगणात जाऊन बसलो. नंतर ती पत्र्याकडं बघून पुन्हा आडवी व्हायला लागली.

पण औषधं कमी करणं म्हणजे एका दिवसात कचऱ्यात टाकणं नव्हे. कुणी हे वाचून घरच्या घरी तसं करू नका. क्लोनाझेपामसारखी गोळी अचानक तोडली तर झटके येऊ शकतात. मॅडमनी क्रम लावून दिला, मराठीत, स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरात. सर्दीच्या गोळ्या आणि मेंदूच्या ताकदीची कॅप्सूल लगेच बंद. ॲस्पिरिन बंद, कारण मायला कधी हार्ट ॲटॅक नाही, लकवा नाही, स्टेंट नाही, आणि पोटात रक्तस्राव व्हायची भीती या वयात मोठी. मग एका वेळी एकच औषध, मध्ये दोन-दोन आठवडे. पित्ताची गोळी थांबवल्यावर पहिले काही दिवस जळजळ उलट वाढेल, घाबरू नका, हे आधीच सांगितलं होतं. दहा दिवस वाढली आणि थांबली. डोनेपेझिल दहाचं पुन्हा पाच केलं आणि रात्रीऐवजी सकाळी, त्याबरोबर ऑक्सिब्युटिनिन सुटलं. ॲम्लोडिपिन काढताना बीपी रोज लिहायचं होतं. ज्यांनी ते सुरू केलं होतं त्यांना मॅडमनी आमच्यासमोर फोन लावून विचारलं. दोघे डॉक्टर किती साधेपणानं बोलले. मला वाटलं होतं वाद होईल. बी-१२ तपासलं तर कमी निघालं. पित्ताची गोळी आणि मेटफॉर्मिन दोन्ही वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं. त्याची गोळी मात्र नवीन आली.

बायकोनं माझ्या दुकानाचं जुनं स्टॉक रजिस्टर घेतलं. रोज चार गोष्टी लिहायच्या: झोप, संडास, चालणं, जेवण. या वहीनं फार वाचवलं. क्वेटियापिन दुसऱ्यांदा अर्धं केलं तेव्हा माय तीन रात्री झोपली नाही, बायकोच्या हाताला चावली. मी हरलो होतो, पहिल्यासारखी पूर्ण गोळी द्यावी असं ठरवूनच फोन केला. मॅडमनी विचारलं, "वहीत संडासच्या रकान्यात काय आहे?" पाच दिवस कोरे होते. पोट साफ झालं त्या रात्री ती सात तास झोपली. तिला दुखतंय हे तिला सांगता येत नव्हतं, एवढंच होतं ते.

सगळ्यात अवघड गेलं ते घरातलं. पुण्याहून भावाचा फोन आला, "औषधं बंद करून माय घालवायचीय का तुला?" शेजारी म्हणाले, पैसे वाचवायलाय. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला औषध देणं म्हणजे त्याचं करणं. पिशवी जेवढी मोठी तेवढा लेक चांगला. त्या फोननंतर मी दोन दिवस दुकान उघडलं नाही. पुढच्या भेटीला भावाला बोलावून घेतलं. मॅडमनी त्याला तीच सणांची रेघ दाखवली. तो बराच वेळ त्या कागदाकडं बघत राहिला आणि मग मायचा हात हातात धरून बसला. दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. तोपर्यंत हात थरथरायचे थांबले होते.

तक्रारी आहेत, त्याही लिहितो. ओपीडी पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. वयस्कर माणसांच्या दवाखान्याला हे शोभत नाही. पहिल्या खेपेला मायला खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. नंबर लावूनही पावणेदोन तास बसावं लागलं, आणि विसरणाऱ्या माणसाला अनोळखी गर्दीत पावणेदोन तास म्हणजे शिक्षा असते. ती दोनदा उठून चालायला लागली. दुसऱ्या खेपेपासून मी सकाळचा पहिला नंबर मागून घेतो, तुम्हीही तसंच करा. फोन लवकर लागत नाही. सकाळी आठ ते साडेआठ मॅडम स्वतः उचलतात, त्यानंतर नशीब. पहिल्या भेटीचे ६०० रुपये, पुढच्या प्रत्येक वेळी ३००, तपासण्या वेगळ्या. महिन्याचा औषधांचा खर्च ३,४०० वरून ९०० वर आला, त्यात हे कधीच निघालं.

आज चौदाच्या जागी सहा आहेत: टेल्मिसार्टन (बीपीची), मेटफॉर्मिन, डोनेपेझिल, ॲटोरव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची), बी-१२, आणि क्लोनाझेपामची पाव गोळी. ॲटोरव्हास्टॅटिनचं पुढं बघू म्हणाल्या. २८ खणांचा डबा बायकोनं ठेवून दिला, दोन खणांचा साधा डबा पुरतो.

माय बरी झाली असं कुणी समजू नका. आजार आहे तिथंच आहे. मला ती अजूनही तिच्या भावाच्या नावानं हाक मारते. पण येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणाला, तिला शेतात नेलं. बांधापासून खोपीपर्यंत माझा हात धरून पाय उचलत चालत गेली. भज्जीबरोबर दीड भाकरी खाल्ली, आंबील दोनदा मागितलं. खोपीभोवती आंबील शिंपडायची वेळ झाली तेव्हा पोरांना शब्द येईनात, तर तिनं बसल्या जागेवरून "ओलगे, ओलगे" सुरू केलं आणि शेवटपर्यंत म्हटलं. सोयऱ्यांतल्या एका बाईनं विचारलं, कुठलं नवीन औषध सुरू केलं? बायकोनं तिला ओपीडीचा फोन नंबर लिहून दिला आणि जाताना सगळी पिशवी न्यायची, गादीखालीसुद्धा बघायचं, असं बजावलं.

ओपीडीला पाचपैकी साडेचार गुण. अर्धा त्या जिन्यासाठी कापला. पुढची तारीख महाशिवरात्रीनंतरची आहे, तेव्हा पाव गोळीचं बघायचंय.